सातव्या गिरीनवरची रोवणी

हरळीचं नाव काढलं की मायच्या माहेरी, करडीला, माणसं तोंड वाकडं करायची. धानाच्या बांधीत हरळी एकदा शिरली की सात पिढ्या निघत नाही, असं माझे मामा म्हणायचे आणि तिला कुदळीनं खणून, उन्हात वाळवून, वरून चार शिव्या देऊन जाळायचे. अशा घरातली पोर लग्न करून आली ती हरळी पाळणाऱ्या माणसाकडे. माझे बाबा खाणीच्या गोल्फ मैदानाचे हेड माळी होते. लग्नानंतर मामा पहिल्यांदा आमच्या क्वार्टरवर आले तेव्हा बाबा दोन्ही गुडघे टेकून, गाल जमिनीला लावून, हरळी किती वाढली ते पाहत होते. मामांनी मायला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "बाई, जवाईबुवा बरे हायेत ना?" हा किस्सा माय मरेपर्यंत सांगायची आणि दर वेळी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसायची.

तुमसरच्या पलीकडे, जंगलाच्या कडेला, मॅंगनीजच्या खाणीची कॉलनी होती. खाणीचं नाव मी लिहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे, बाकीच्यांना ते नाव घेऊन काय करायचं? कॉलनीच्या मागे नऊ होलचं मैदान, आणि मैदानाच्या टोकाला आमचं दोन खोल्यांचं क्वार्टर. होलच्या भोवती जो गोल, मऊ, अगदी बारीक कापलेला गवताचा तुकडा असतो, त्याला साहेब लोक ग्रीन म्हणत. आम्ही गिरीन म्हणायचो आणि मी अजूनही तसंच म्हणते. टीव्हीवर गोल्फ लागलं की नातू मला चिडवतो, "आजी, तुझं गिरीन आलं बघ." चिडव म्हणावं. त्या टीव्हीवाल्यांना एकदा आमच्या आषाढात आणून सोडलं पाहिजे.

कारण पावसाळ्यातलं मैदान ही वेगळीच चीज होती. पहाटे डोळे उघडायच्या आधी मला एक आवाज ऐकू यायचा: सुईऽऽ, सुईऽऽ. बाबा लांबलचक लवचिक बांबू घेऊन गिरीनवरून फिरवत असायचे. रात्रीचं पाणी, गांडुळांनी वर काढलेली मातीची ढेकळं, सगळं त्या बांबूच्या शेंड्यानं उडवून टाकायचे. धुकं इतकं असायचं की बाबा दिसायचे नाहीत, नुसता आवाज एका गिरीनवरून दुसऱ्यावर जायचा आणि मी अंथरुणात पडून मोजायची: हे तिसरं, हे चौथं. मग चुलीचा धूर, आणि तव्यावरच्या भाकरीचा वास. मैदानात पावसाळ्यात सात्या, म्हणजे रानअळंबी, उगवायच्या, पांढऱ्या, गुबगुबीत. साहेब लोक चेंडू शोधत फिरायचे आणि माय त्यांच्यामागून पदर खोचून सात्या वेचत फिरायची. कधी कधी दोघंही एकाच पांढऱ्या गोष्टीकडे झेपावत. सात्यांची पातळ भाजी, लाखोळीची डाळ आणि गरम भात. आता भंडाऱ्याच्या बाजारात सात्या मिळतात, पण मी घेत नाही. पाण्याला चव नाही की मला तोंड नाही, कोण जाणे.

बाबांचा पावसाळ्यातला कायदा एकच होता: ओल्या गिरीनवर पाय ठेवायचा नाही. बांबू बाहेरून फिरवायचा, गोणपाट गुंडाळलेला रूळ कडेकडेनं लोटून पाणी काढायचं, उघाड पडली की लोखंडी काट्यानं भोकं पाडायची आणि त्यांत नदीची चाळलेली वाळू भरायची. "धानाले पाणी पाजा लागते," बाबा म्हणायचे, "अन् गिरीनले पाण्यापासून वाचवा लागते. तुह्या मायले हे वीस वर्षांत नाई समजलं." माय आतून ओरडायची, "समजून मले का करायचं हाये? तुमचं गवत का मी रांधून खाऊ?" रोजचंच होतं ते.

नऊंपैकी सातवं गिरीन बाबांचं लाडकं. ती जागा सखल, नाल्याच्या कडेची. आधीच्या माळ्यांनी तिथे हात टेकले होते. बाबांनी ती खोल खोदून तळाशी दगड घातले, त्यावर गिट्टी, त्यावर बावनथडी नदीची वाळू, त्यावर पळसाच्या पानांचं कुजवलेलं खत, सगळं मायच्या जुन्या चाळणीतून चाळून. मैदानाचं बाकी काम सांभाळून हे करायला त्यांना सहा वर्षं लागली. किती का पाऊस येईना, थांबला की घटकाभरात सातव्यावर पाणी नाही. बाहेरगावचे साहेब लोक येऊन तिथे हात लावून पाहत. बाबा तेव्हा जरा लांब उभे राहून दुसरीकडेच बघत राहायचे, जणू आपला काही संबंध नाही.

मी अठरा-एकोणीस वर्षांची होते. मॅट्रिक होऊन घरी बसले होते आणि स्थळं येत होती, त्यातलं एकही मला पसंत नव्हतं. मला पसंत होतं मैदान. हसू नका. मला बाबांसारखं पहाटे धुक्यात एकटं फिरायचं होतं आणि कुणी विचारलं तर "मी माळी आहे" असं सांगायचं होतं. पण बायका तिथे फक्त निंदायला, तेही रोजीवर. त्या वर्षी आषाढाच्या सुरुवातीला बाबांना कावीळ झाली. डोळे हळदीसारखे झाले, उठून बसवेना. घरात तेल बंद, हळद बंद, फोडणी बंद. माय बाबांसाठी आळणी भात वेगळा शिजवायची आणि आम्ही दोघी चुलीच्या आड लपून मिरचीचा ठेचा खायचो, वासानं त्यांना त्रास नको म्हणून. मैदान मी बघू लागले. कुणी नेमलं नाही, मीच बांबू उचलला.

नवे मॅनेजर साहेब आले होते. मोठा माणूस, आवाज लहान, आणि छत्रीपेक्षा टोपीवर जास्त विश्वास. पंधरा दिवस त्यांनी मला बघितलं आणि एके दिवशी तिसऱ्या गिरीनजवळ थांबून म्हणाले, "पोळ्यानंतर नागपूरहून मोठे साहेब खेळायला येणार आहेत. नऊच्या नऊ ग्रीन मला तयार हवेत. तू हे केलंस, तर माळी म्हणून तुझं नाव लावतो. पक्कं." मी नुसती मान हलवली. घरी गेले ती चिखलातून उड्या मारतच. माय म्हणाली, "का वो, भूत लागलं का तुले?"

आणि त्याच आठवड्यात नाला फुगला. एका दुपारी आभाळ असं उतरलं की चार हातांवरचं जांभळाचं झाड दिसेना. नाल्याचं पाणी सातव्यावरून वाहिलं, आणि उतरलं तेव्हा अर्ध्या गिरीनवर करड्या गाळाचा थर बसलेला, बाकीच्या अर्ध्यात गवताचे चट्टेच्या चट्टे उपटून गेलेले. मी बाबांना सांगितलं. त्यांनी छताकडे पाहत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सातव्याले हात लावू नोको. उघाड पडू दे. गाळ वाळला का खरवडून काढू, खालचं गवत आपसूकच वर येते. तोवर पाय नाई ठेवायचा. आयकलं ना?"

"हाव बाबा," मी म्हटलं. पण उघाड पडेना. आठ दिवस गेले, दहा गेले. श्रावण नुसता झिरझिर झिरझिर. रोज जाऊन मी त्या गाळाकडे बघायची आणि पोळ्याचे दिवस मोजायची. त्या दिवसांत मला सगळं पाण्याखालून दिसावं तसं दिसायचं: झाडं, क्वार्टरं, खाणीकडे जाणारे ट्रक, आणि त्यांच्या मधोमध माझं नाव, कुठल्यातरी कागदावर लिहिलेलं. शेवटी एका सकाळी मी चुलीपाशी रडायलाच लागले. माय भात वेळत होती. तिनं हात पुसले, म्हणाली, "एवढ्याश्या बांधीसाठी कायले रडून राहिली? करडीच्या बाया रोवणी आटपून मोकळ्या बसल्या हायेत. एक दिवसाचं काम हाये. चिखलणी करू, रोवून टाकू. आठ दिवसांत हिरवंगार."

मला त्या वेळी ते इतकं सोपं, इतकं बरोबर वाटलं! आम्ही धानाची माणसं. ओल्या जमिनीत काही लावायचं तर आधी तिचा चिखल करायचा, पायांनी तुडवून तुडवून असा लोण्यासारखा करायचा की तळातून पाण्याचा थेंब खाली जाणार नाही. हे आम्हाला कुणी शिकवत नाही, पायांना येतंच. तो चिखल पाणी धरतो म्हणून तर धान जगतं. आणि हेच सातव्या गिरीनला नको होतं, हे मला ठाऊक होतं की नव्हतं? चाळीस वर्षं मी स्वतःला हा प्रश्न विचारते आहे. ठाऊक होतं. बाबांचा कायदा मला तोंडपाठ होता. पण पोळा जवळ आला होता आणि मला नाव हवं होतं.

करडीहून मायच्या माहेरच्या चार बायका आल्या. बाबांच्या खिडकीतून सातवं दिसत नव्हतं, मधे पळसांची रांग होती. आम्ही गिरीनच्या कडेला मातीचा बारका धुरा, म्हणजे बांध, घातला, आणि मग सहा जणींनी लुगडी खोचून जो चिखल तुडवला! सहा वर्षांची वाळू, ते चाळलेलं खत, वरचा गाळ, सगळं एक झालं. मैदानाच्या कडेची हरळी उपटून मी पऱ्ह्यांसारख्या, धानाच्या रोपांच्या बांधतात तशा, जुड्या बांधून आणल्या. माय मधे, दोन्ही बाजूंना बायका, पाठ वाकवून मागे मागे सरकत रोवत चालल्या. त्या गात होत्या, वर पाऊस पडत होता, आणि मी इतकी सुखी होते की काय सांगू. तेवढ्यात मॅनेजर साहेब आले. आमच्याकडे रोवणी संपते त्या दिवशी मालक बांधीवर आला तर त्याला चिखल लावायची चाल आहे. मग मालकानं खुशी द्यायची. बायकांनी मागचा-पुढचा विचार न करता साहेबांच्या बुटांना, पँटीला चिखल फासला. मी तर गारच पडले. साहेब आधी दचकले, मग हसायला लागले. संध्याकाळी त्यांनी शिपायाबरोबर बिस्किटांचा डबा पाठवला.

"डबा कायचा?" बाबांनी आतून विचारलं.

"साहेबांनी पाठवला, तुमच्या तब्येतीसाठी," माय म्हणाली. मी खाली मान घालून बिस्किट खाल्लं. गोड होतं.

आठ दिवसांत सातवं खरंच हिरवं झालं. साहेब रोज बघून जायचे, खूश व्हायचे. बाबा रोज संध्याकाळी विचारायचे, "सातवं कसं हाये?" आणि मी म्हणायची, "ठीक हाये बाबा." मग पुन्हा जोराचा पाऊस आला, सलग दोन दिवस. आठव्यावरचं पाणी तासाभरात उतरलं. सातव्यावरचं उतरलं नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. मी धुरा फोडला, गोणपाटाचा रूळ फिरवला, काट्यानं भोकं पाडायला गेले तर भोक पाडलं की चिखल परत मिटायचा. गवताच्या मुळांना वास यायला लागला. पोळ्याला चार दिवस उरले होते. मी मायला सांगितलं, तिनं नुसता माझा हात धरला.

त्या दिवशी दिवेलागणीला पाऊस थांबला होता. बाबा पहिल्यांदाच उशीला टेकून बसले होते, माय त्यांना उसाचा रस देत होती. बाहेर सगळीकडून पाण्याचे आवाज येत होते. बाबांनी पेला तोंडाजवळ नेला आणि तसाच धरून ठेवला.

"बेडूक कुठं ओरडून राहिले?" त्यांनी विचारलं.

"पावसाळ्यात बेडूक ओरडतीलच ना," माय म्हणाली.

"नाल्यावर ओरडतील, तलावात ओरडतील," बाबा म्हणाले. "हे पळसाच्या मांगून येऊन राहिले. सातव्यावर कायले आले बेडूक?"

मला वाटलं, माणूस मैदानाचा इतका होऊन जातो की पलंगावर पडून त्याला ते ऐकू येतं, आणि मी त्याच माणसाला पंधरा दिवस खोटं सांगत होते. मला लाज वाटली. इतकी लाज पुढे आयुष्यात पुन्हा वाटली नाही. मी सगळं सांगितलं, एका दमात, चिखलणीपासून बिस्किटांपर्यंत. बाबांनी पेला खाली ठेवला. "सकाळी पाहू," म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

सकाळी ते उठले. मायनं अडवलं, ऐकलं नाही. माझ्या खांद्यावर हात ठेवून, चार पावलं चालून थांबत, धुक्यातून सातव्यापर्यंत आले. गिरीनवर आभाळ पडलेलं होतं, सबंध, न हलता. बाबा कडेला बसले, हात कोपरापर्यंत चिखलात घातला, मूठभर वर काढला, बोटांत चोळला, वास घेतला. त्यात वाळू होती, खत होतं, पण कुठलंच वेगळं ओळखू येत नव्हतं. त्यांचा चेहरा बघवेना. मी म्हटलं, "बाबा, मले मारा."

त्यांनी ऐकलंच नाही. पाण्याखालच्या त्या हिरव्या ओळींकडे ते बघत होते. मग म्हणाले, "रोवणी सरळ हाये. तुह्या मायची ना?"

"हाव."

"एक ओळ वाकडी नाई," ते म्हणाले. "इतके वर्षं झाले, मी कधी तिची रोवणी पाहाले नाई गेलो." आणि हात धुऊन उठले. "चाल. साहेबाले सांगा लागंन. ऐन वक्ती पाहुण्यांपुढं फजिती होण्यापेक्षा आज सांगतलेलं बरं."

ऑफिसपर्यंतची वाट मला आजही पावलापावलानं आठवते. पुन्हा पाऊस सुरू झाला होता. मी त्यांच्यावर छत्री धरली होती आणि मनात घोकत होते: साहेब, बाबांनी मना केलं होतं. साहेब, मी केलं. साहेब, बाबांनी मना केलं होतं, मी केलं. नाव जाईल तर जाऊ दे. वाक्य अगदी तयार होतं. ऑफिसात साहेबांनी बाबांना खुर्ची दिली, बाबा बसले नाहीत. साहेबांनी सातव्याचं ऐकलं, टोपी काढून टेबलावर ठेवली आणि विचारलं, "त्यात चिखल करा, असं सांगितलं कुणी?"

मी तोंड उघडलं. "म्या सांगतलं," बाबा म्हणाले.

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी बाबांकडे पाहिलं. ते समोरच्या भिंतीकडे बघत होते.

"तुम्ही?" साहेब म्हणाले. "इतक्या वर्षांचे तुम्ही माळी, आणि असा सल्ला?"

"बुखारात होतो साहेब. डोकं ठिकाणावर नोहतं. पोरीनं म्या सांगतलं तसं केलं. बाकी आठ गिरीन तिनं एकटीनं राखले, ते पाहून घ्या."

साहेब वाईट माणूस नव्हते, हे मला मुद्दाम लिहायचं आहे. त्यांनी थोडा विचार केला आणि जे समोर होतं त्याप्रमाणे न्याय केला. म्हणाले, बाबांच्यानं आता मैदान होणार नाही, त्यांनी उरलेली नोकरी गेस्ट हाऊसच्या कुंड्या बघाव्यात. मैदान मुलगी बघेल. कपाटातून कागद काढला. पुढे सव्वीस वर्षं मी त्या मैदानाची माळी होते. सातवं पुन्हा खोदलं, पुन्हा चाळलं. बाबा सकाळी गेस्ट हाऊसला जाताना मैदानाच्या कडेनं जायचे, आत पाऊल टाकायचे नाहीत. मी बोलावलं तर म्हणायचे, "तुह्यं मैदान हाये आता." लोक मला विचारायचे, बाई असून हे कुठं शिकलीस, आणि मी म्हणायची, बाबांनी शिकवलं. ते खरंच होतं. पण जे सांगायचं राहिलं ते मी कुणालाच सांगितलं नाही, नवऱ्याला नाही, मुलांना नाही. आज पहिल्यांदा लिहिते आहे, आणि ज्यांना सांगायला हवं होतं ते साहेबही गेले, बाबाही गेले.

त्या दिवशी अजून वेळ होता. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. बाहेर पाऊस पडत होता, कौलांवरून पाणी धारेनं पडत होतं. माझं वाक्य जिभेवर होतं. एवढंच करायचं होतं, तोंड उघडायचं होतं.

"पूर्ण नाव सांग," साहेब म्हणाले.

"यशोदा," मी म्हटलं. मग मधलं नाव आलं. "श्रीपत." मग आडनाव. साहेबांनी तिन्ही नावं लिहिली.

बाबा दारात छत्री उघडत होते. मागे वळून म्हणाले, "पोरगी हुशार हाये साहेब. काई चिंता नोका करू."

आणि मी, हुशार पोरगी, चूप राहिले.